निरोप आणि त्याचा धनी

गडहिंग्लजहून चंदगडकडे जाणाऱ्या रस्त्यावर नेसरी लागते. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी येथील खिंडीत सरनोबत प्रतापराव गुजर अवघ्या सहा स्वारांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि धारातीर्थी पडले. या घटनेच्या मुळाशी एक पत्र होते, असे परंपरा सांगते. उमराणीला कोंडीत सापडलेल्या खानाला सेनापतींनी दया दाखवून सोडून दिले. तो पुन्हा स्वराज्यावर चालून आला, तेव्हा शिवछत्रपतींनी कडक शब्दांत जाब विचारला. ते शब्द सेनापतींच्या जिव्हारी लागले आणि पुढचा इतिहास घडला.

शब्द माणसाला कोठवर नेऊ शकतो, याची साक्ष नेसरीची ही खिंड गेली साडेतीनशे वर्षे देत आहे. मात्र त्या पत्राला धनी होता. कोणी लिहिले, कोणाला लिहिले, कोणत्या कारणाने लिहिले, हे लिहिणारा आणि वाचणारा दोघेही जाणत होते. आज याच नेसरीत सकाळच्या चहाबरोबर प्रत्येक घरातील भ्रमणध्वनीवर पाच-पन्नास निरोप येऊन पडतात. त्यांपैकी किती निरोपांचा धनी आपल्याला ठाऊक असतो? बिनधन्याच्या निरोपांवर नजर ठेवणे, त्यांतील घातक ते रोखणे आणि निरपराध माणसाला त्यांच्या तडाख्यातून वाचवणे हे ज्यांचे रोजचे काम आहे, असा एक नवा नोकरवर्ग गेल्या पंधरा-वीस वर्षांत उभा राहिला आहे. समाजमाध्यम कंपन्यांत या विभागाला ‘ट्रस्ट अँड सेफ्टी’, म्हणजे विश्वास आणि सुरक्षा विभाग म्हणतात. आपल्या घरातील मुले दिवसाचे कित्येक तास ज्या दालनात वावरतात, त्याच्या दारावरच्या या पहारेकऱ्यांविषयी आपल्याला फारच थोडी माहिती असते.

या कामाचे मोल महाराष्ट्राला फार मोठी किंमत देऊन कळले. १ जुलै २०१८ हा रविवार होता. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या आदिवासी गावात आठवड्याचा बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जण भिक्षा मागत तेथे पोहोचले. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याची अफवा त्या भागात आधीच व्हॉट्सअ‍ॅपवरून पसरली होती. अनोळखी माणसे दिसताच संशय बळावला, जमाव जमला आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून या पाचही जणांना ठेचून मारण्यात आले. पिढ्यान्‌पिढ्या भिक्षेकऱ्याची झोळी पाहताच पसाभर धान्य घालणाऱ्या महाराष्ट्रात हे घडले. फेब्रुवारी २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने या प्रकरणी सात जणांना जन्मठेपेची शिक्षा सुनावली. ज्यांनी तो निरोप पुढे धाडला, त्यांच्यापैकी बहुतेकांना आपण काही पाप केले असे वाटलेही नसेल. शेजाऱ्याला सावध करण्याचे पुण्यच आपण जोडले, अशीच त्यांची समजूत असणार.

त्या काळात देशभर फिरलेल्या एका चित्रफितीची कथा याहून बोलकी आहे. दुचाकीवरून आलेले दोघे रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात, एवढेच तिच्यात दिसे. प्रत्यक्षात ती पाकिस्तानातील कराची येथे तयार झालेली, पालकांनी मुलांना जपावे असे सांगणारी जनजागृतीची फीत होती. मूळ फितीच्या शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि सूचनेचा फलक दाखवतात. कोणीतरी तो शेवट कापून टाकला. मुलांच्या रक्षणासाठी केलेली फीत अशा रीतीने माणसांच्या जिवावर उठली.

राईनपाड्यानंतर आणि देशाच्या इतर भागांतील अशाच हत्यांनंतर चक्रे फिरली. १७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळींसंदर्भात केंद्र व राज्य सरकारांना कडक निर्देश दिले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने पुढे ढकललेल्या निरोपावर तशी खूण दाखवण्यास सुरुवात केली आणि भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. जानेवारी २०१९ मध्ये ही मर्यादा जगभर लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या काळात, अनेकदा पुढे गेलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी धाडता येईल असे ठरले. असे निरोप त्यानंतर सुमारे ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने सांगितले. धुळ्यातील एका खेड्यात सांडलेल्या रक्ताची दखल पुढे साऱ्या जगाच्या हातातील यंत्राला घ्यावी लागली.

या सुरक्षा विभागाचे रोजचे काम कसे चालते? बँकेच्या व्यवहाराशी परिचित असलेल्यांना ते समजण्यास फारसे अवघड नाही. धनादेश वटवताना कर्मचारी त्यावरील सही खातेदाराच्या नमुना सहीशी ताडून पाहतो. समाजमाध्यमांवरील पहिली तपासणी अशीच असते, फक्त ती यंत्र करते. लहान मुलांच्या लैंगिक शोषणाचे छायाचित्र एकदा सापडले, की त्याचा अंकांच्या स्वरूपातील ठसा तयार करून साठवला जातो. पुढे कोणीही, कोठेही तेच छायाचित्र चढवू लागला, की ठसा जुळतो आणि चित्र अडवले जाते. ‘फोटोडीएनए’ नावाचे हे तंत्र २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने संगणकशास्त्राचे अभ्यासक हॅनी फरीद यांच्या साहाय्याने विकसित केले. चित्र थोडे लहान केले किंवा त्याचा रंग बदलला, तरी ते ओळखता येते.

परंतु नमुना सही नसलेल्या धनादेशाचे काय करायचे? नवी चित्रफीत, नवी धमकी, नवी अफवा यांचा ठसा कोणाकडेच नसतो. तेथे मजकुराचा अंदाज घेणारी यंत्रणा संशयास्पद ते बाजूला काढते, वापरकर्त्यांच्या तक्रारीही येतात आणि मग तो मजकूर एका माणसापुढे येऊन ठेपतो. हा परीक्षक नियमावली समोर ठेवून तो पाहतो आणि ठेवायचा, काढायचा की वरिष्ठांकडे धाडायचा, हे ठरवतो. बँकेत एकाने नोंद करावी आणि दुसऱ्याने ती तपासून मंजूर करावी, तशी येथेही निवडक निर्णयांची फेरतपासणी होते. भेद आहे तो वेगाचा. बँकेत संशयित धनादेश शाखाधिकाऱ्यापुढे ठेवून विचार करता येतो. परीक्षकापुढे मात्र निर्णयांची रांग लागलेली असते आणि प्रत्येकाच्या वाट्याला थोडाच वेळ येतो.

या कामी भाषेची जाण लागते आणि यंत्र तेथेच अडखळते. नेसरी हे कर्नाटकच्या सीमेलगतचे गाव. येथील मराठीत कानडीचे शब्द सहज मिसळलेले असतात. ‘तुला बघून घेतो’ हे वाक्य दोन भावांच्या चेष्टेतही येते आणि बांधाच्या भांडणातही. कोल्हापुरी बोलीत जिवलग मित्राला हाक मारतानाची शिवी परक्याने वाचली, तर त्याला ती मोठी धमकी वाटावी. उलटपक्षी अत्यंत सभ्य शब्दांत एखाद्या समाजाविरुद्ध विष पेरता येते आणि यंत्राला त्याचा पत्ता लागत नाही. त्या मातीत वाढलेल्या माणसालाच हा फरक कळतो. ही उणीव किती महाग पडते, हे म्यानमारमध्ये दिसून आले. रोहिंग्यांविरुद्धचा द्वेष पसरवण्यात फेसबुकचा मोठा वाटा होता, असे संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन मंडळाने २०१८ मध्ये नमूद केले. बर्मी भाषा जाणणारे परीक्षक तेथे दीर्घकाळ अगदीच मोजके होते. हिंसा रोखण्यासाठी आपण पुरेसे केले नाही, हे पुढे कंपनीनेही मान्य केले.

आपल्या देशात हैदराबाद, गुरुग्राम यांसारख्या शहरांत हे काम चालते. बहुधा मूळ कंपनीऐवजी कंत्राटी संस्था ते करून घेतात. तेथे बसलेले तरुण आपल्याच घरांतील मुलांसारखे असतात. आत्महत्या, खून, अत्याचार, प्राण्यांचे हाल हे जे आपल्या दृष्टीस पडू नये, ते त्यांना पाहावे लागते. संध्याकाळी आईने फोनवर ‘आज काय काम केलेस?’ असे विचारले, तर त्याचे उत्तर देता येत नाही. मजकूर गोपनीय असतो हे एक कारण. दुसरे असे, की ते सांगून आईची झोप कोणी घालवायची? अमेरिकेतील परीक्षकांनी या कामामुळे जडलेल्या मानसिक आघाताबद्दल दाद मागितली, तेव्हा मे २०२० मध्ये फेसबुकने ५ कोटी २० लाख डॉलरची तडजोड मान्य केली. चित्र कृष्णधवल करून पाहणे, ध्वनी बंद ठेवणे, ठरावीक वेळाने विश्रांती घेणे, समुपदेशन यांसारखे उपाय आता योजले जातात. तरीही पाहिलेले पुसून टाकता येत नाही. पूर्वी गावची विहीर उपसण्यासाठी गाळात उतरणाऱ्याला गावकरी निदान ओळखत असत. हे नवे विहिरीत उतरणारे मात्र कोणाच्या दृष्टीस पडत नाहीत.

व्हॉट्सअ‍ॅपच्या बाबतीत अडचण निराळी आहे. तेथील निरोप बंद लखोट्यासारखे असतात; ते कंपनीलाही वाचता येत नाहीत. पाठवणारा किंवा मिळवणारा यांपैकी कोणी तक्रार केली, तरच अलीकडचे पाच निरोप तपासणीसाठी कंपनीकडे जातात आणि समोरच्या व्यक्तीला त्याची वर्दी दिली जात नाही. बाकी सारी पारख लखोटा न फोडता, वागणुकीवरून करायची. एखादा क्रमांक सुरू होताच शेकडो अनोळखी लोकांना निरोप धाडू लागला, की संशय येतो. नव्या नियमांनुसार प्रसिद्ध झालेल्या पहिल्या अहवालात, १५ मे ते १५ जून २०२१ या एका महिन्यात भारतातील सुमारे २० लाख खाती बंद केल्याचे व्हॉट्सअ‍ॅपने सांगितले होते.

हे नियम केंद्र सरकारने २५ फेब्रुवारी २०२१ रोजी जारी केले. ५० लाखांहून अधिक वापरकर्ते असलेल्या माध्यमांना भारतात निवासी तक्रार निवारण अधिकारी नेमणे आणि दरमहा अहवाल देणे त्यांनी बंधनकारक केले. तक्रारीची पोच २४ तासांत, निकाल १५ दिवसांत आणि अश्लील वा नग्न छायाचित्राची तक्रार असल्यास कारवाई २४ तासांत, अशी मुदत २०२१ मध्ये या नियमांनी घातली होती. कंपनीचा निर्णय मान्य नसेल तर दाद मागण्यासाठी २०२३ पासून केंद्राच्या तक्रार अपील समित्याही आहेत.

सुरक्षेच्या नावाखाली बोलण्याचाच गळा आवळला जाऊ नये, ही दक्षताही तितकीच आवश्यक आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंदविषयी फेसबुकवर मत मांडणारी पालघरची एक तरुणी आणि त्याला पसंती दर्शवणारी तिची मैत्रीण, दोघींना अटक झाली होती. त्या घटनेनंतर दाखल झालेल्या श्रेया सिंघल खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ हे कलम रद्द ठरवले. न आवडणारे मत आणि घातक मजकूर यांतील अंतर ओळखणे, हीच परीक्षकाच्या कामाची खरी कसोटी होय.

नेसरीच्या स्वतःच्या जिल्ह्यालाही हा धडा मिळालेला आहे. समाजमाध्यमांवरील काही ‘स्टेटस’वरून ७ जून २०२३ रोजी कोल्हापूर शहरात दगडफेक झाली आणि इंटरनेट सेवा बंद ठेवावी लागली. शाहू महाराजांच्या नगरीत दोन ओळींनी दुकानांची दारे बंद पाडली. अशा वेळी दूरच्या शहरातील परीक्षक पोहोचण्याआधी मजकूर शेकडो गटांत पोहोचलेला असतो. म्हणून पहिला पहारेकरी प्रत्येक कुटुंबातच असावा लागतो.

त्याची कर्तव्ये अवघड नाहीत. निरोपाचा धनी ठाऊक नसेल तर तो पुढे धाडू नये. आक्षेपार्ह मजकूर दिसल्यास वाद घालत बसण्यापेक्षा ‘रिपोर्ट’ची सोय वापरावी. मुलांच्या शोषणाचे चित्र ‘लोक सावध व्हावेत’ या हेतूनेही कोणाला पाठवू नये. कायद्याने तोही गुन्हा ठरतो. पैशांची फसवणूक झाल्यास लाज न बाळगता तात्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे, कारण पैसे पुढच्या खात्यांत पांगण्यापूर्वीच ते गोठवता येतात. आणि घरातील मुलीच्या वा सुनेच्या खासगी छायाचित्रावरून कोणी धमकावत असेल, तर तिला दोष देण्याआधी तिच्या पाठीशी उभे राहावे. ‘स्टॉप एनसीआयआय’ ही सोय (२०२१ पासून) प्रौढ व्यक्तींसाठी, तर अठरा वर्षांखालील वयातील छायाचित्रांसाठी ‘टेक इट डाउन’ ही सोय उपलब्ध आहे. तेथे चित्र कोणाकडेही पाठवावे लागत नाही. त्याचा ठसा आपल्याच यंत्रावर तयार होतो आणि सहभागी माध्यमे त्यावरून चित्र अडवतात. बोभाट्याच्या भीतीने जीव देण्यापर्यंत पोहोचणाऱ्या मुलीला एवढी माहितीही वाचवू शकते. मात्र ती घरच्यांना सांगण्याचे धैर्य तिला व्हावे, असे वातावरण घरात हवे.

जैन आचारात भाषासमितीला स्थान आहे: बोलावे ते हितकर, मोजके आणि संशयरहित. मुनींसाठी सांगितलेली ही मर्यादा आता बोटाने बोलणाऱ्या गृहस्थालाही लागू करावी लागेल. राईनपाड्यातील त्या पाच जणांच्या झोळीत काय आहे, हे पाहण्यास क्षणभराचाही अवकाश कोणी घेतला नाही. नेसरीच्या खिंडीत गेलेले सात वीर आपण कोणाच्या शब्दाखातर जात आहोत हे जाणत होते. निरोप पुढे धाडण्यापूर्वी, तो कोणाचा आहे एवढे तरी आपल्याला ठाऊक असावे.