खेळ कुणाचे, नियम कुणाचे

अमेरिकेत बालवाडी आली तीच मुळी निर्वासितांच्या बिऱ्हाडाबरोबर. १८४८चा जर्मन उठाव फसल्यावर देश सोडलेल्या कार्ल शुर्झची बायको मार्गारेटे हिनं १८५६ साली विस्कॉन्सिनमधल्या वॉटरटाउन गावी घरीच मूठभर पोरं गोळा केली. त्यांत तिची स्वतःची लेक होती, नात्यागोत्यातली मुलं होती. गाणी जर्मन, गप्पा जर्मन, आणि खेळणी बालवाडीचा जनक असलेल्या जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलची: लोकरीचे चेंडू, लाकडी गोळा, घन, दंडगोल. तिकडे प्रशियात मात्र त्या वेळी फ्रोबेलच्या किंडरगार्टनवर सरकारी बंदी होती. १८५१ साली घातलेली ही बंदी उठली १८६० मध्ये. परमुलखात आपली मुलं आपल्या भाषेत खेळावीत, एवढाच मार्गारेटेबाईंचा हेतू. न्यू जर्सी-शिकागोकडे रविवारची मराठी शाळा चालवणाऱ्यांना तो निराळा समजावून सांगायला नको.

१८५९ मध्ये बॉस्टनच्या एलिझाबेथ पीबडीशी मार्गारेटेबाईंची गाठ पडली आणि पुढच्याच वर्षी पीबडीबाईंनी इंग्रजी बालवाडी काढली. १८७३ साली सुझन ब्लो यांनी सेंट लुईसच्या डे पेरेस शाळेत सरकारी खर्चानं चालणारी पहिली बालवाडी सुरू केली. गरिबांची मुलं लवकर शाळा सोडून कामाला लागतात, मग त्यांना निदान लवकर शाळेत आणावं, असा तिथले शिक्षण अधीक्षक विल्यम हॅरिस यांचा हिशेब होता. इथून वारं फिरलं. मायबोली टिकवायला आणलेला खेळ ती विसरायला लावण्याच्या कामी येऊ लागला. सकाळी फेर धरून इंग्रजी गाणी म्हणायची. दुपारी शिक्षिका घरोघर जाऊन आयांना स्वच्छता, स्वयंपाक आणि अमेरिकन रीतभात सांगणार. खेळाचंही काय, फ्रोबेलच्या काटेकोर अनुयायांकडे कोणती पेटी कधी उघडायची, कोणता ठोकळा आधी उचलायचा, सगळं ठरलेलं. खेळ कसला, कवायतच ती!

शिकागोच्या हॉल्स्टेड स्ट्रीटवर १८८९ मध्ये जेन ॲडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी स्थलांतरितांच्या वस्तीत हल हाउस हे सेवाकेंद्र उघडलं, तेव्हा सुरुवातीच्या उपक्रमांत बालवाडी होती. शेजार इटालियन, ग्रीक, रशियन ज्यू, बोहेमियन, आयरिश अशा सरमिसळ वस्तीचा. ॲडम्सबाईंनी १९१०च्या आत्मकथनात त्या बालवाडीतला एक किस्सा सांगितला आहे. एक इटालियन मुलगा एका इटालियन मुलीशेजारी बसायला तयार होईना. का, तर आमच्या घरी मॅकरोनी काट्यानं खातात आणि ही हातानं खाते; दोन्ही प्रकार त्यानं हातवारे करून दाखवले. मुलीनंही हा भेद मान्य असल्यासारखी गंभीरपणे मान हलवली! बाहेरून सगळे ‘इटालियन’ एकाच चेहऱ्याचे दिसत असतील, पण एवढ्याशा पोरांना आपल्यातल्या पायऱ्या पाठ होत्या. पंगत आणि पान यांवरून माणूस ओळखणाऱ्या आपल्यासारख्यांना यात नवल वाटू नये.

त्याच पुस्तकातली दुसरी आठवण अंगावर येते. पहिल्या नाताळात काही मुलींनी पुढे केलेली मिठाई नाकारली, कारण त्या मिठाईच्याच कारखान्यात कामाला होत्या आणि मिठाई त्यांना डोळ्यांसमोरही नको होती. खेळायच्या वयाची मुलं कुठे आहेत, हे ॲडम्सबाईंना खरं कळलं ते तिथे. पुढे बालमजुरीविरोधी कायद्यांसाठी त्या झगडल्या, त्यामागे ही ओळख होती.

मैदानांची गोष्टही स्थलांतरितांचीच. बर्लिनमध्ये जन्मलेल्या डॉक्टर मारी झाक्रझेव्स्का यांनी तिथल्या बागांत मुलांसाठी टाकलेले वाळूचे ढीग पाहिले आणि बॉस्टनला कळवलं. १८८०च्या दशकाच्या मध्यावर नॉर्थ एंडच्या गजबजलेल्या वस्तीत वाळूचा एक ढीग पडला. अमेरिकेतल्या मैदान चळवळीचा उगम याच ढिगापाशी सांगतात. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडला १९०३ मध्ये सुअर्ड पार्कचं मैदान नगरपालिकेनं बांधलं. रस्त्यावरची पोरं आत आली, तिथे देखरेख आली, शिट्टी आली, वेळापत्रक आलं. मोटारी आणि घोडागाड्यांपासून मुलं वाचली हे खरंच. पण गल्लीत मुलांनी स्वतः रचलेले नियम फाटकाबाहेर राहिले.

पहिल्या महायुद्धानंतर तर भाषेवरच घाला आला. नेब्रास्कानं १९१९ मध्ये आठवी होईपर्यंत मुलांना परकी भाषा शिकवायला बंदी केली; सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द करायला १९२३ उजाडलं. वॉटरटाउनच्या त्या घरात चालायचं तसलं काम नेब्रास्कातल्या शाळांत काही वर्षं चक्क गुन्हा होतं.

सुदैवानं हल हाउसमध्येच स्थलांतरित मुलांच्या खेळाला वेगळं वळण मिळालं. नीव्हा बॉइड यांनी १९२०च्या दशकात तिथे खेळ शिकवणाऱ्यांसाठी प्रशिक्षण वर्ग चालवला. देशोदेशींचे पारंपरिक खेळ आणि लोकनृत्यं हीच त्यांची पाठ्यपुस्तकं. रशियातून आलेल्या ज्यू कुटुंबातली व्हायोला स्पोलिन त्यांची विद्यार्थिनी. पुढे मंदीच्या काळातल्या सरकारी रोजगार योजनेत स्थलांतरित वस्तीतल्या मुलांची नाटकं बसवताना तिनं खेळच हाताशी धरले. आरशासारखी समोरच्याची नक्कल कर. कुठल्याच भाषेत नसलेल्या बडबडीत गोष्ट सांग, बाकीच्यांनी ती अंगविक्षेपांवरून ओळखायची. या बडबडीत शिकागोत जन्मलेला आणि कालच बोटीतून उतरलेला, दोघे सारखेच अडाणी. इंग्रजी येत नाही म्हणून मागे बसायचं कारणच उरत नाही. या विषयात इतकी साधी आणि इतकी न्याय्य युक्ती मला दुसरी आढळलेली नाही. या खेळांवरचं तिचं पुस्तक १९६३ मध्ये आलं; त्याआधीच, १९५९ साली, तिचा मुलगा पॉल सिल्स ‘सेकंड सिटी’ या नाट्यमंडळीच्या संस्थापकांत होता. मुलांचे ते खेळ आज नटांच्या तालमीत पोचले आहेत.

बालवाडीत मात्र त्यांची जागा आक्रसली. २००२च्या ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्यानं तिसरीपासून दरवर्षी वाचन-गणिताची परीक्षा लावली आणि तिची धग पाच वर्षांच्या मुलांपर्यंत पोचली. घरी वेगळी भाषा बोलणाऱ्यांची इंग्रजीची वार्षिक चाचणी तर बालवाडीपासूनच सुरू होते. पालकांना याची तक्रार असतेच असं नाही. इंग्रजीवर पोट चालतं हे त्यांनी सोसून शिकलेलं असतं, त्यामुळे ‘शाळेत पोर नुसतं खेळतंय’ ही बातमी त्यांना आनंदाची वाटत नाही. आपल्याकडच्या पालकसभेतही हेच ऐकू येतं. फरक इतकाच, की अमेरिकेत हे बोलायला आईला अनेकदा आपल्याच पोराला दुभाष्या म्हणून सोबत न्यावं लागतं.