मिलिग्रॅमचा गुणाकार

एक लिटर सांडपाणी घ्या. प्रयोगशाळेत ते गाळणकागदातून ओततात, कागद १०३ ते १०५ अंशांवर सुकवतात आणि पुन्हा तोलतात. कागदाचं वजन १०० मिलिग्रॅमपर्यंत वाढलं तर चालेल, त्यापुढे गेलं की नियमभंग. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यातल्या तरंगत्या गाळाची ही सर्वसाधारण मर्यादा. १०० मिलिग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहावा भाग. चिमटीत धड सापडायचाही नाही!

हा एवढासा गाळ घेऊन आता चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोरपन्याला चला. आवारपूर, गडचांदूर, नारंडा, उपरवाही. जिकडे तिकडे सिमेंटचे कारखाने आणि चुनखडीच्या खाणी. खाणीत पावसाचं पाणी साचतं, ते उपसावं लागतं, आणि बाहेर सोडायचं तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र लागतं. (जलप्रदूषणाचा कायदा आपल्या राज्यानं १९६९ मध्येच केला, केंद्राच्या पाच वर्षं आधी! मंडळ १९७० चं. मला याचा अभिमान आहे.)

खाण एक चौरस किलोमीटरची धरू. वर्षाचा पाऊस १,२०० मिलिमीटर धरू. एक थेंबही जिरला नाही, उडाला नाही, असं समजू. पाणी किती झालं? १२० कोटी लिटर! सहा मीटर रुंद आणि दहा मीटर पाण्यानं भरलेल्या चार हजारांहून अधिक विहिरी! २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाणी नेणारी जलदूत आठवते ना? ५० वाघिणी, २५ लाख लिटर. तशा ४८० गाड्या, एकट्या एका खाणीच्या पावसाच्या!

आणि त्यात गाळ? लिटरला १०० मिलिग्रॅमनं १२० टन. दहा टनी १२ ट्रक भरून गाळ पैनगंगेच्या दिशेनं निघाला, आणि तोही नियमात राहून!

म्हणूनच संमतीपत्रावर दोन आकडे असतात. लिटरला किती मिलिग्रॅम, आणि दिवसाला किती घनमीटर. चर्चा बहुतेक पहिल्याचीच होते. मला दुसरा जास्त मोलाचा वाटतो. घाण पाण्यात चांगलं पाणी ओतलं की मिलिग्रॅम झटकन खाली येतात, पण घनमीटर लगेच फुगतात. चोरी पकडायची तर ती तिथं. नदीला भोगावा लागतो तो या दोन आकड्यांचा गुणाकार.

आता मोठा गुणाकार करू. चंद्रपूरचं महाऔष्णिक विद्युत केंद्र, क्षमता २,९२० मेगावॉट. जुन्या केंद्रांना २०१५ च्या अधिसूचनेनं पाण्याची कमाल मर्यादा घातली: एक मेगावॉट-तास विजेमागे साडेतीन घनमीटर. केंद्र पूर्ण क्षमतेनं चाललं तर त्या मर्यादेत दिवसाला साडेचोवीस कोटी लिटर. सेकंदाला २,८०० लिटरहून जास्त! जलदूतच्या रोज ९८ गाड्या! दर पंधरा मिनिटांना एक, रात्रंदिवस! एका गाडीची लांबी साडेसहाशे मीटर धरा आणि तीन दिवसांच्या गाड्या एकामागे एक जोडा. इंजिन पुण्यात आणि शेवटची वाघीण मुंबईत, १९२ किलोमीटर रूळ गच्च!

हे वापराचं पाणी, त्यातलं बरंचसं वाफ होऊन उडतं. पण एवढं सांडपाणीच नदीत निघालं आहे असं क्षणभर धरू आणि विचारू, यात पारा किती चालेल? मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. म्हणजे दहा कोटी भागांत एक भाग. दहा कोटी रुपयांत एक रुपया! मुंबई-पुण्याच्या त्या अख्ख्या गाडीत वजनाच्या हिशेबानं पाऱ्याच्या वाट्याला येते दोन मिलिमीटरहूनही किंचित कमी जागा. आणि त्या दोन मिलिमीटरांचं वजन भरतं ७ किलो ३५० ग्रॅम!

पिण्याच्या पाण्याची मर्यादा तर याच्याही दहापट कडक, ०.००१. दहा कोटी रुपयांत दहा पैसे. मुंबई ते पुणे एवढ्या लांब गाडीत मिलिमीटरचा जेमतेम पाचवा भाग, आणि प्रयोगशाळेनं तो बाटलीभर नमुन्यातून शोधून काढायचा!