बीएस्सी झालेल्या मुलामुलींसाठी सायटोटेक्नॉलॉजी : हे शिक्षण नेमके काय आहे?

बीएस्सीचे निकाल लागले की आमच्याकडे चौकशीचे फोन सुरू होतात. ‘मुलगी झूलॉजी घेऊन पास झाली, आता पुढे काय?’ बहुतेक घरांत उत्तर आधीच ठरलेले असते, बी.एड. नाहीतर डीएमएलटी. दोन्हीत वाईट काही नाही. पण लॅबच्याच दुनियेत आणखी एक काम आहे, ज्याचे नाव आपल्या मोहल्ल्यांत क्वचितच ऐकू येते. ते म्हणजे सायटोटेक्नॉलॉजी.

सोप्या भाषेत सांगायचे तर सायटो म्हणजे पेशी. मानेत गाठ आली, डॉक्टरांनी सुई घालून त्यातले थोडे काढले आणि काचेच्या स्लाइडवर पसरले, किंवा बाईच्या गर्भाशयाच्या तोंडातून नमुना घेतला, तर त्यातल्या पेशी मायक्रोस्कोपखाली सर्वांत आधी पाहतो तो सायटोटेक्नॉलॉजिस्ट. तो स्लाइड रंगवतो, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पट्ट्यापट्ट्याने तपासतो आणि जिथे शंका येते तिथे शाईचा ठिपका देतो. मग पॅथॉलॉजिस्ट डॉक्टर ते ठिपके बघून निदान करतात. रक्ताच्या बऱ्याच तपासण्या आता मशीन करते, आकडा छापून देते. इथे माणसाच्या नजरेवर आजही बरेच काही अवलंबून आहे.

नजर म्हणजे काय, तेही बघू. पॅप स्मिअरची साधी स्लाइड वाचण्यालायक मानायची तर तिच्यावर निदान 8 ते 12 हजार पेशी नीट दिसायला हव्यात, असा बेथेस्डा पद्धतीचा निकष आहे. त्यातल्या दहा-बाराच बिघडलेल्या असू शकतात. पेशीचे केंद्रक फुगले आहे का, त्याचा रंग गडद झाला आहे का, कडा वेडीवाकडी आहे का, हे बघत जायचे. नमुना घेतल्यावर स्लाइड लगेच अल्कोहोलमध्ये बुडवली नाही तर पेशी वाळतात आणि सुजल्यासारख्या दिसतात. नवशिका त्यालाच आजार समजतो. हे पुस्तक वाचून येत नाही. शेकडो स्लाइड जाणत्या माणसाच्या शेजारी बसून बघाव्या लागतात.

ही तपासणी ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते जॉर्ज पापानिकोलाऊ मूळचे ग्रीसचे. त्यांची पत्नी अँड्रोमाकी अनेक वर्षे त्यांच्या प्रयोगशाळेत बिनपगारी काम करत होती आणि तपासणीसाठी स्वतःचे नमुनेही देत होती. या क्षेत्राची पहिली टेक्निशियन तीच, असे आम्हाला वाटते.

चूक झाली तर काय होते, याचा धडा अमेरिकेने घेतला आहे. 1987 मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने तिथल्या काही लॅबचा कारभार उघडा पाडला. नगावर पैसे मिळत असल्याने कर्मचारी ढिगाने स्लाइड उरकत होते आणि कॅन्सर असलेल्या बायकांना ‘सर्व ठीक’ असा रिपोर्ट जात होता. पुढच्याच वर्षी कायदा झाला. त्या कायद्याच्या नियमांप्रमाणे एका व्यक्तीने 24 तासांत जास्तीत जास्त 100 स्लाइड तपासायच्या आणि निर्दोष ठरलेल्यांपैकी किमान 10 टक्के पुन्हा बघायच्या. आज तिथे हे शिक्षण मास्टर्सच्या पातळीवर नेले जात आहे.

आपल्या देशात बीएस्सी किंवा बीएमएलटीनंतर साधारण वर्षभराचे प्रशिक्षण असते. तिरुवनंतपुरमचे रिजनल कॅन्सर सेंटर आणि नोएडाची आयसीएमआरची कॅन्सर प्रतिबंध संस्था ही त्यातली जुनी नावे. इंडियन अकॅडमी ऑफ सायटॉलॉजिस्ट्स सायटोटेक्निशियन आणि सायटोटेक्नॉलॉजिस्ट अशा दोन पातळ्यांच्या परीक्षा घेते. पहिली खालची, दुसरी वरची. अर्ज भरताना गफलत करू नका. 2021 च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्याच्या यादीत सायटोटेक्नॉलॉजिस्ट हे नाव आलेले आहे. गल्फला जायचा विचार असेल तर सौदीत हेल्थ स्पेशालिटीज कमिशनची आणि दुबईत तिथल्या हेल्थ अथॉरिटीची परवाना प्रक्रिया वेगळी करावी लागते. त्यामुळे मान्यता नसलेल्या डिप्लोम्यावर पैसे घालवण्याआधी दहादा विचार करा.

आता एक कडू गोष्ट. ती लपवली तर आम्ही वाचकांशी बेइमानी करू. मराठवाड्यातल्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात 1999 पासून एक मोठा अभ्यास झाला. बार्शीचे नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि टाटा मेमोरियल त्यात होते. 52 गावसमूहांतल्या 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायकांची चार गटांत विभागणी केली. 2009 मध्ये निकाल छापून आला. ज्यांची एकदा एचपीव्ही तपासणी झाली, त्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्मे झाले. पेशी-तपासणीच्या गटात तसा ठोस फरक दिसला नाही. 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही प्राथमिक तपासणीसाठी एचपीव्ही डीएनए चाचणीची शिफारस केली.

मग हे शिक्षण घेऊन फायदा काय? नुसते पॅप स्मिअर वाचायचे म्हणून कुणी या वाटेला येत असेल तर त्याने थांबावे, असेच आम्ही म्हणू. पण एचपीव्ही पॉझिटिव्ह निघालेल्या बाईची पुढची छाननी अनेक ठिकाणी पेशी पाहूनच होते. थायरॉइड, स्तन आणि मानेतल्या गाठी, फुप्फुसाभोवती किंवा पोटात साचलेले पाणी, हे सगळे या टेबलावर येते. मानेतली गाठ कॅन्सरची की टीबीची, हा आपल्याकडचा रोजचा प्रश्न. त्याचा पहिला सुगावा पुष्कळदा सुईच्या तपासणीतच लागतो.

‘शिकून झाले की स्वतःची लॅब टाकू’ हे वाक्य आम्ही अनेक अब्बांच्या तोंडून ऐकले आहे. तसे होत नाही. रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांची सही लागते, हे सुप्रीम कोर्टाने 2017 मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणजे नोकरी मोठे हॉस्पिटल, मेडिकल कॉलेज किंवा मोठ्या लॅबमध्येच. ती बहुतेक शहरात असते. मुलीला हॉस्टेलवर ठेवायची घरची तयारी आहे का, हे फॉर्म भरण्याआधीच बोलून घ्या. कामाचे स्वरूप बसून करायचे आहे, पण तासन् तास मायक्रोस्कोपला डोळे लावल्याने मान आणि पाठ धरते. रंगांधळेपणा असेल तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा.

फीची अडचण असल्यास मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाच्या शैक्षणिक कर्जाची चौकशी जिल्हा कार्यालयात करता येते. कोर्स त्यांच्या नियमात बसतो का, हे प्रवेशाआधी विचारून घ्या.

आणि प्रवेशाचे पैसे भरण्यापूर्वी एकदा त्या संस्थेत स्वतः जाऊन या. सुईच्या तपासणीची ओपीडी रोज चालते का, शिक्षक आणि विद्यार्थी एकाच वेळी एकच स्लाइड पाहू शकतील असा अनेक नळ्यांचा मायक्रोस्कोप आहे का, जुन्या स्लाइडचा साठा विद्यार्थ्यांना हाताळू देतात का, एवढे विचारा. ‘नंतर दाखवू’ असे उत्तर मिळाले तर पैसे खिशातच राहू द्या.