वर्षाच्या बोलीवर

१३ नोव्हेंबर २०१८, मंगळवार. दुपारी चार वाजेपर्यंत लेव्हिऑन बेल या अमेरिकन फुटबॉलपटूला एका कागदावर सही करायची होती. सही केली असती तर पिट्सबर्ग स्टीलर्स संघाकडून उरलेल्या हंगामाचे आठवड्याला साडेआठ लाख डॉलर त्याला मिळू लागले असते. चार वाजून गेले, बेल आला नाही. नियमाप्रमाणे त्या हंगामात आता त्याला कुठेच खेळता येणार नव्हतं. वर्षाचे १ कोटी ४५ लाख डॉलर त्याने सोडून दिले होते. दुसऱ्या दिवशी सहकाऱ्यांनी कॅमेऱ्यांदेखत त्याच्या लॉकरमधले बूट आणि कपडे वाटून घेतले.

हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागला, असंच बहुतेकांचं मत पडलं. मी त्या मताशी तेव्हा सहमत नव्हतो आणि आजही नाही. बेलने पैसे नाकारले नव्हते. आपल्या अंगावरचा धोका फुकटात उचलायला त्याने नकार दिला होता. हा धोका त्याच्या अंगावर आला कुठून, हे समजायचं तर पाव शतक मागे जावं लागतं.

अमेरिकन फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडू हातात घेऊन समोरच्याच्या अंगावर धावून जाण्याचा खेळ. एनएफएल ही त्याची मुख्य लीग, तिच्यात आज ३२ संघ आहेत. करार संपलेला खेळाडू दुसरीकडे जायला मोकळा असतो. पण दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये प्रत्येक संघाला अशा एका खेळाडूवर 'फ्रँचायझी टॅग' लावता येतो. टॅग लागला की तो आणखी एक वर्ष त्याच संघाचा. मोबदला मूळ नियमानुसार त्या जागेवर खेळणाऱ्या सर्वांत महागड्या पाच जणांच्या पगाराची सरासरी, किंवा स्वतःच्या मागच्या पगाराच्या १२० टक्के, यांतला जो आकडा मोठा तो. जुलैच्या मध्यापर्यंत दीर्घ मुदतीचा करार झाला तर ठीक. तो दिवस टळला की त्या हंगामापुरता एका वर्षाचाच करार उरतो.

आपल्याकडच्या सालगड्याची बोली पाडव्याला व्हायची. पैशांची तुलना करणं हास्यास्पद ठरेल, एवढं दोघांत अंतर आहे. पण पाडव्याला पटलं नाही तर दुसऱ्या मालकाकडे जाण्याची निदान रीत तरी होती. टॅग लागलेल्या खेळाडूला तेवढंही सहज मिळत नाही. टॅगच्या नेहमीच्या प्रकारात दुसऱ्या संघाला त्याला बोली लावता येते. मात्र जुन्या संघाने ती तेवढ्याच रकमेने परतवली नाही, तर नव्या संघाला नवोदितांच्या निवडीतल्या पहिल्या फेरीच्या दोन जागा भरपाई म्हणून द्याव्या लागतात. एवढी किंमत मोजायला कोणी क्वचितच तयार होतं.

मुळात हा 'मोकळा खेळाडू' मिळवायलाच तीस वर्षं गेली. १९६३ पासून लीगमध्ये 'रोझेल नियम' होता. करार संपलेल्या खेळाडूला कोणी घेतलं तर जुन्या संघाला काय भरपाई द्यायची, ते आयुक्त पीट रोझेल ठरवणार. काय द्यावं लागेल हे आधी कळतच नसल्याने कोणी घ्यायला धजावत नसे. बाल्टिमोर कोल्ट्सचा जॉन मॅकी खेळाडू संघटनेचा अध्यक्ष झाला आणि या नियमाविरुद्ध कोर्टात गेला. १९७५ मध्ये मिनेसोटाच्या न्यायालयाने आणि १९७६ मध्ये वरच्या न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला. पण कोर्टात जिंकलेलं पुढच्याच वर्षी वाटाघाटींच्या टेबलावर बरंचसं हातातून निसटलं. भरपाईची अट नव्या रूपात परत आली. (मॅकीला उतारवयात स्मृतिभ्रंशाने गाठलं. स्मृतिभ्रंश झालेल्या माजी खेळाडूंच्या मदतीसाठी लीग आणि संघटनेने जी योजना काढली, तिला त्याच्या जर्सीवरचा ८८ हा आकडा दिला आहे. या खेळात शरीर काय किंमत मोजतं, याचा हिशेब मांडताना ही योजना विसरून चालणार नाही.)

१९८७ मध्ये खेळाडू संपावर गेले. मालकांनी बदली खेळाडू उतरवून सामने चालू ठेवले आणि संप मोडला. मग संघटनेने वेगळाच डाव टाकला. संघटना म्हणूनचं आपलं अस्तित्वच तिने मोडीत काढलं, म्हणजे मक्तेदारीविरोधी कायद्याखाली खेळाडूंना स्वतंत्रपणे दाद मागता येईल. मालकांनी 'प्लॅन बी' आणला. त्यात प्रत्येक संघाला ३७ खेळाडू राखून ठेवायची मुभा होती, म्हणजे चांगले सगळे अडकलेलेच. न्यूयॉर्क जेट्सचा रनिंग बॅक फ्रीमन मॅक्नील आणि आणखी सात जणांचा खटला मिनिॲपोलिसला न्यायाधीश डेव्हिड डोटी यांच्यापुढे चालला. सप्टेंबर १९९२ मध्ये आठ महिलांच्या ज्युरीने प्लॅन बी बेकायदा ठरवला. लगेच रेजी व्हाइटच्या नावाने सर्व खेळाडूंच्या वतीने दावा दाखल झाला. आता मालकांपुढे तडजोडीशिवाय मार्ग नव्हता.

जानेवारी १९९३ ची ती तडजोड हा या कहाणीतला सांधा आहे. खेळाडूंना मुक्तता मिळाली. मालकांना मिळाली पगारमर्यादा, म्हणजे सॅलरी कॅप. १९९४ मध्ये ती संघामागे ३ कोटी ४६ लाख डॉलर होती. मालकांनी आणखी एक गोष्ट पदरात पाडून घेतली, ती म्हणजे टॅग. डेन्व्हरला जॉन एल्वे गमवायचा नव्हता म्हणून ही तरतूद आली, असं सांगतात. ज्याच्या भोवती संघ उभा आहे असा एखादा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू, वाचवायचा, ही मूळ कल्पना. तिच्यात मला गैर वाटत नाही. लहान शहरातल्या संघाने वाढवलेला तारा मोठ्या शहराने पैशाच्या जोरावर न्यावा, असं तिथल्या प्रेक्षकाला का वाटेल? पण नियमात क्वार्टरबॅक हा शब्द नव्हता. टॅग कोणावरही लावता येत होता, अगदी किकरवरसुद्धा, आणि तो तसा लावलाही गेला.

खटल्यावर नाव असलेल्या खेळाडूंना टॅगमधून वगळलं होतं. त्यामुळे रेजी व्हाइट त्या वसंतात खरोखर मोकळा होता. शहराशहरांतून फिरून एप्रिलमध्ये तो ग्रीन बे पॅकर्सकडे गेला, चार वर्षांसाठी १ कोटी ७० लाख डॉलरवर. लाखभर वस्तीचं ते गाव. मुक्ततेने छोट्या गावांचे संघ बुडतील, ही भीती पहिल्याच वर्षी खोटी ठरली.

ज्यांना टॅग लागला त्यांनी काय केलं? वॉशिंग्टनच्या शॉन गिल्बर्टने १९९७ चा सबंध हंगाम घरी बसून काढला. पुढच्या वर्षी पुन्हा टॅग लागला, पण कॅरोलायनाने पहिल्या फेरीच्या दोन निवडी मोजून त्याला उचललं आणि सात वर्षांचा ४ कोटी ६५ लाखांचा करार दिला. असा सौदा पुढे फारच विरळा. सिॲटलच्या वॉल्टर जोन्सला २००२ पासून लागोपाठ तीन वर्षं टॅग लागला. दरवर्षी त्याने सराव शिबिराकडे पाठ फिरवली आणि शिबिर उलटल्यावर येऊन सही केली. टॅगवर सही होईपर्यंत खेळाडू कराराबाहेर असतो, त्यामुळे शिबिर चुकवल्याचा दंड त्याला लागत नाही. त्याच्या हातात तेवढंच एक हत्यार असतं.

२०१४ चं जिमी ग्रॅहमचं प्रकरण ही टॅगची खरी चिरफाड आहे. न्यू ऑर्लिन्सचा ग्रॅहम कागदोपत्री टाइट एंड, म्हणजे आघाडीच्या रांगेच्या टोकाशी उभा राहून अडवणारा आणि झेलणाराही, पण बहुतेक वेळा उभा राहायचा रिसीव्हरच्या, म्हणजे निव्वळ झेलणाऱ्याच्या, जागी. टाइट एंडचा टॅग सुमारे ७० लाखांचा, रिसीव्हरचा १ कोटी २३ लाखांचा. प्रकरण लवाद स्टीफन बरबँक यांच्यापुढे गेलं. ग्रॅहम त्या रांगेपासून किती यार्डांवर उभा राहायचा याची मोजमापं झाली. निकाल संघाच्या बाजूने लागला. त्या निकालात एका गोष्टीची नोंद आहे: ग्रॅहमने ट्विटरवर स्वतःला टाइट एंड म्हटलं होतं. माणूस मैदानावर काय करतो यापेक्षा त्याच्या नावापुढे काय लिहिलं आहे यावर पन्नास लाखांहून अधिक डॉलरचा फरक पडला.

या सगळ्यात टॅगला पुरून उरला तो कर्क कझन्स. वॉशिंग्टनने त्याला २०१६ मध्ये सुमारे २ कोटींना आणि २०१७ मध्ये त्याच्या १२० टक्क्यांना टॅग लावला. तिसऱ्यांदा लावायचा तर १४४ टक्के, म्हणजे जवळजवळ साडेतीन कोटी द्यावे लागले असते. संघाने हात टेकले. २०१८ मध्ये मिनेसोटाने त्याला तीन वर्षांचे ८ कोटी ४० लाख दिले, सगळेच्या सगळे खात्रीचे. या खेळात हा शब्द महत्त्वाचा. इथल्या करारांचे मोठे आकडे बहुतेक वेळा दाखवण्यापुरते असतात. संघाने उद्या खेळाडूला काढलं तर खात्रीची रक्कम सोडून बाकीचं विरून जातं. दीर्घ करार हवा असतो तो दुखापतीनंतरही हाती राहणाऱ्या या रकमेसाठी. टॅग नेमकी तीच हिरावून घेतो.

शिकागोच्या हेन्री मेल्टनला २०१३ मध्ये टॅग लागला. तिसऱ्याच सामन्यात गुडघ्याचा अस्थिबंध फाटला. नंतर दोन हंगामांत त्याची कारकीर्द संपली. डॅलसचा डॅक प्रेस्कॉट ११ ऑक्टोबर २०२० ला टॅगवर खेळत असताना त्याचा घोटा मोडला. गाडीवरून बाहेर नेताना तो रडत होता. त्याला पाच महिन्यांनी चार वर्षांचा १६ कोटींचा करार मिळाला, कारण तो क्वार्टरबॅक होता आणि त्या जागेवरचा माणूस सहजी मिळत नाही. मेल्टनची जागा भरायला माणसं होती.

आणि रनिंग बॅक? चेंडू घेऊन थेट गर्दीत घुसणारा हा माणूस सर्वांत लवकर झिजतो. निवडीतून आलेल्या नवोदिताचा पहिला करार चार वर्षांचा, ठरल्या दराने. पहिल्या फेरीतला असेल तर पाचवं वर्षही संघाच्या मर्जीवर. त्यावर एक टॅग, मग दुसरा. इतकं होईपर्यंत तो सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा होतो आणि मग संघ म्हणतो, आता तुझे पाय थकले. बेलही रनिंग बॅकच, त्याच्या बाबतीत हेच घडत होतं. २०१७ मध्ये पहिल्या टॅगवर त्याने धावत आणि झेलत मिळून ४०६ वेळा चेंडू हाताळला, लीगमध्ये सर्वांत जास्त. त्याचं फळ म्हणून दुसरा टॅग लागला.

यापेक्षा वाईट गोष्ट आकड्यांत लपली आहे. २०१७ मध्ये रनिंग बॅकचा टॅग १ कोटी २१ लाख होता, २०२३ मध्ये १ कोटी १ लाखावर आला. त्याच काळात पगारमर्यादा १६ कोटी ७० लाखांवरून २२ कोटी ४८ लाखांवर गेली. बाकी सगळं वाढत असताना हा एकच आकडा का घटला? टॅगची रक्कम त्या जागेवरच्या मोठ्या पगारांवरून ठरते. टॅग आहे म्हणून संघ मोठा करार देत नाहीत. मोठे करार नाहीत म्हणून टॅग स्वस्त होतो. स्वस्त झाला की पुन्हा करार द्यायचं कारण उरत नाही. २०२२ मध्ये लीगमध्ये सर्वाधिक, १६५३ यार्ड धावलेल्या जॉश जेकब्सला पुढच्या वर्षी हाच स्वस्त टॅग मिळाला. त्याच्यासोबत सेक्वॉन बार्कली आणि टोनी पोलार्डलाही. जुलैची मुदत तिघांचीही करारावाचून टळली. न्यूयॉर्क जायंट्सने बार्कलीला वर्षभरानंतर जाऊ दिलं. फिलाडेल्फियाने त्याला तीन वर्षांचा करार दिला. तिथे पहिल्याच हंगामात तो २००५ यार्ड धावला आणि ९ फेब्रुवारी २०२५ ला, आपल्या अठ्ठाविसाव्या वाढदिवशी, सुपर बोल म्हणजे लीगचा अंतिम सामना जिंकला.

बेलच्या नशिबी ते नव्हतं. मार्च २०१९ मध्ये जेट्सने त्याला चार वर्षांचा ५ कोटी २५ लाखांचा करार दिला, त्यातले साडेतीन कोटी खात्रीचे. मैदानावर तो पूर्वीचा राहिला नव्हता. पहिल्या हंगामात दर धावेमागे सरासरी जेमतेम ३.२ यार्ड. ऑक्टोबर २०२० मध्ये संघाने त्याला सोडलं. टीकाकार याकडे बोट दाखवून त्याला चुकीचा ठरवतात. मला यात उलटाच पुरावा दिसतो. पिट्सबर्गला तो टॅगवर खेळला असता आणि पाय तिथेच थकले असते, तर ते साडेतीन कोटी त्याला कोणीच दिले नसते.

मग संघटना हा टॅग काढून का टाकत नाही? कारण तो लागतो मूठभरांना. लीगमध्ये दोन हजारांवर खेळाडू, सरासरी कारकीर्द जेमतेम तीन-साडेतीन वर्षांची. मार्च २०२० चा सामूहिक करार १०१९ विरुद्ध ९५९ मतांनी कसाबसा मंजूर झाला. किमान पगार वाढवणं हे त्यांतल्या अनेकांचं पहिलं मागणं होतं, आणि त्यांना दोष देता येणार नाही. तरीही टॅग एका खेळाडूवर आयुष्यात एकदाच लावता यावा आणि रनिंग बॅकची रक्कम ठरवताना पगारमर्यादेतली वाढ धरली जावी, एवढं तरी संघटनेने पुढच्या वाटाघाटीत मागायलाच हवं.

चालू करार २०३० च्या हंगामापर्यंत आहे. टॅग त्यात कायम आहे.