बातमी वाचावी, खाऊ नये

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. शेजारच्या गावी एका आजारी आजींना तपासून परतत होतो. वाटेत पावसाने गाठले, म्हणून एस.टी. स्टँडबाहेरच्या भज्यांच्या गाडीपाशी थांबलो. गाडीवाल्या मावशी माझ्या जुन्या पेशंट. त्यांनी कढईतली गरम कांदाभजी झाऱ्याने काढून कागदावर ठेवली, बाजूला एक पाव आणि दोन तळलेल्या मिरच्या ठेवल्या आणि पुडा माझ्या हाती दिला.

निम्मी भजी संपल्यावर लक्षात आले की तो कागद याच दैनिकाचा होता, आणि पान होते याच सदराचे. ‘रक्तदाबाच्या रुग्णांनी तळलेले व खारट पदार्थ टाळावेत’ हा माझाच सल्ला तेलाने आरपार भिजला होता. पावाच्या पांढऱ्या बुडाला त्यातली दोन-तीन अक्षरे उलटी उमटली होती.

मावशींना पाव दाखवला तशा त्या हसल्या. ‘‘सायेब, तुमचं लिवलेलं आता लोकांच्या पोटात जातंय. आनखी काय पायजे?’’

मीही हसलो. पण घरी आल्यावर मनात विचार आला. गेली तीस वर्षे मी रुग्णांना विचारतो, काय खाल्ले, किती खाल्ले, कुठे खाल्ले. ते कशात बांधून आणले होते, हे मात्र एकालाही कधी विचारले नाही.

बोटे काळी का होतात?

सकाळी वर्तमानपत्र वाचून झाले की आपली बोटे काळपट होतात. वर्तमानपत्राची नेहमीची शाई म्हणजे काजळीसारखा काळा रंग, राळ आणि खनिज तेल यांचे मिश्रण. खनिज तेल म्हणजे पेट्रोलियमपासून मिळणारे तेल. ही शाई खऱ्या अर्थाने वाळत नाही, ती कागदाच्या तंतूंमध्ये नुसती शोषली जाते. म्हणून ती बोटांना लागते.

आता या कागदावर उकळत्या तेलातून काढलेली भजी ठेवा. तेलात तेल सहज विरघळते, आणि उष्णतेने ते काम आणखी लवकर होते. कागद भज्यांचे तेल टिपून घेतो असे आपल्याला वाटते, पण त्याच वेळी शाईतले द्रव्य भज्यांत उतरत असते. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी चालते.

युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१२ साली अन्नातल्या खनिज तेलांविषयी सविस्तर मत दिले. या तेलांतले काही घटक यकृत, प्लीहा आणि लसिका ग्रंथींमध्ये साठून राहतात. दुसऱ्या गटातले काही घटक पेशींतल्या जनुकांना इजा करू शकतात, आणि कर्करोगाची शंका येते ती या दुसऱ्या गटामुळे. छपाईच्या रंगांतून शिसे पोटात जाण्याचा धोका वेगळाच. शिवाय रद्दी म्हणजे घराघरांतून आलेला, जमिनीवर पडलेला, थुंकी लावून पाने उलटलेला आणि गोदामात उंदरांनी तुडवलेला कागद. जुलाब-उलट्यांच्या जंतूंना आणखी काय हवे?

वाचकहो, घाबरून जाऊ नका. एखाद्या पुड्याने कोणी आजारी पडत नाही. ‘याचा आजार कागदामुळेच झाला’ असे एकाही रुग्णाकडे बोट दाखवून मी सांगू शकणार नाही. मला काळजी आहे ती रोज खाणाऱ्यांची. स्टँडवरचे हमाल, एस.टी.चे चालक-वाहक आणि शाळेच्या फाटकाबाहेर रंगीत पुरवणीच्या कागदातले शेंगदाणे खाणारी मुले यांच्या पोटात ही शाई वर्षानुवर्षे थोडी थोडी जात असते.

कायदा आहे, पण गाडीपर्यंत पोचला नाही

आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्येच वर्तमानपत्रात अन्न बांधू नये असा इशारा दिला. पुढे २०१८ साली वेष्टनाचे नियम आले. ते १ जुलै २०१९ पासून लागू झाले आणि वर्तमानपत्रात अन्न बांधणे वा साठवणे यास त्यांत स्पष्ट मनाई आहे. २०२३ साली प्राधिकरणाने पुन्हा एकदा जनतेला आवाहन केले. मावशींना यातले काहीच ठाऊक नव्हते. ज्या कागदात त्या भजी बांधत होत्या, त्याच कागदात या बातम्याही छापून आल्या असतील!

झुरिकमधला पुठ्ठा

दोष एकट्या गाडीवाल्याचा नाही, हे समजण्यासाठी स्वित्झर्लंडमधली एक हकीकत सांगतो. २०१० च्या सुमारास झुरिकच्या सरकारी अन्नप्रयोगशाळेत कोनी ग्रोब आणि त्यांचे सहकारी पुठ्ठ्याच्या खोक्यांतले कोरडे अन्न तपासत होते. तांदूळ, शेवया, न्याहारीचे पोहे असे हे पदार्थ, त्यांत ना तेल ना पाणी. तरीही त्यांत खनिज तेल सापडले.

ते आले कुठून? खोकी रद्दीच्या लगद्यापासून बनवलेली होती, आणि त्या रद्दीत वर्तमानपत्रे होती. लगदा करूनही शाईतले तेल पुरते जात नाही. ते हळूहळू वाफेच्या रूपाने बाहेर पडते आणि आत साध्या पॉलिथिनची पिशवी असली तरी तिच्यातूनही आरपार जाते.

प्रश्न मोठा अवघड होता. अन्नाचा कारखानदार म्हणे, खोके माझे नव्हे. खोकेवाला म्हणे, लगदा मिळतो तसा मी वापरतो. लगदावाला म्हणे, रद्दी जशी येते तशी येते. छापखानेवाल्याने तर आपण अन्नाच्या धंद्यात आहोत असे कधी मनातही आणले नव्हते. काही कंपन्यांनी रद्दीचा पुठ्ठा सोडून ताज्या लगद्याचा पुठ्ठा घ्यायचे ठरवले. पण ताजा लगदा म्हणजे झाडे तोडणे आले, आणि रद्दीचा पुन्हा वापर ही तर पर्यावरणाच्या दृष्टीने चांगली गोष्ट. एकाने आपल्यापुरता मार्ग काढला की अडचण दुसऱ्याच्या दारात जाऊन बसायची.

खरा उपाय मुळाशीच होता, तो म्हणजे शाई बदलणे. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या सीडर रॅपिड्स गावच्या ‘द गॅझेट’ या दैनिकाने १९८७ सालीच सोयाबीनच्या तेलाची शाई वापरून पाहिली होती. ती मात्र पेट्रोलियमच्या महागाईमुळे, आरोग्यासाठी नव्हे. फ्रान्सने २०२० च्या कायद्याने खनिज तेलाच्या शाईवर टप्प्याटप्प्याने बंदी घालायचे ठरवले आणि २०२२ पासून वेष्टनांपासून सुरुवात केली. शाईवाला, छापखाना, लगद्याचा कारखाना, खोकेवाला आणि अन्नाचा उत्पादक अशी सगळी साखळी हलली तरच ताटातले अन्न स्वच्छ राहते. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. सोयाबीनच्या शाईने छापला म्हणून तो कागद ताट होत नाही.

दवाखान्याच्या बाकावरची बैठक

हे सगळे मी मावशींना माझ्या परीने सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, ‘‘सायेब, कोरा कागद परवडल का? भज्याचा दर एक रुपयानं वाढवला तर गिऱ्हाईक पलीकडच्या गाडीवर जातं.’’

प्रश्न खरा होता. औषध लिहून देणे सोपे, पण ते विकत कोण घेणार? मग एका रविवारी दवाखान्याच्या बाकावर स्टँडवरचे सात गाडीवाले, गावातले कागदाचे ठोक व्यापारी आणि एक छापखान्याचे मालक यांना चहाला बोलावले. छापखान्याच्या मालकांनी मोठ्या मनाने सांगितले, ‘‘रीळ संपताना कोरा कागद उरतो, तो फुकट न्या.’’ सगळे खूश झाले. मलाच नको म्हणावे लागले. वर्तमानपत्राचा कागद पुष्कळदा रद्दीच्याच लगद्यातून येतो. वरून कोरा दिसला तरी जुन्या शाईचा अंश त्यात असू शकतो. झुरिकची हकीकत मी तिथे पुन्हा सांगितली.

शेवटी हिशेब असा बसला. सातही जणांनी मिळून फूड ग्रेड कागदाचा गठ्ठा एकदम घ्यायचा, म्हणजे ठोक भाव मिळतो. तिथेच उभे राहून खाणाऱ्याला स्टीलची बशी द्यायची आणि ती गरम पाण्याने धुवायची. मिळतील तेव्हा बचत गटाच्या बायकांकडून पळसाचे द्रोण घ्यायचे. जो घरून डबा आणील त्याला एक रुपया कमी. मावशींनी आकडेमोड केली तेव्हा एका पुड्यामागे खर्च काही पैशांनीच वाढत होता, कारण निम्मी गिऱ्हाइके उभ्यानेच खातात आणि त्यांना कागद लागतच नाही.

सगळे सुरळीत झाले असे मात्र म्हणणार नाही. गणपतीच्या गर्दीत व्यापाऱ्याकडचा कागद संपला आणि दोन गाड्या रद्दीवर परत गेल्या, त्या अजून तिथेच आहेत. पाच गाड्या टिकून आहेत. त्यांतली एक मावशींची.

घरी काय करावे?

१) पुऱ्या, वडे, भजी तळल्यावर तेल निथळायला वर्तमानपत्र पसरण्याची सवय घरोघरी आहे, ती आजच सोडा. जाळीच्या झाऱ्यावर थोडा वेळ धरा किंवा चाळणीखाली ताट ठेवून निथळू द्या.

२) पोळीच्या डब्यात कागदाऐवजी धुतलेले सुती फडके घाला.

३) मिठाई पुठ्ठ्याच्या खोक्यात आठवडाभर ठेवू नका. घरी आणताच स्टीलच्या डब्यात काढा.

४) कागद नको म्हणून गरम रस्सा प्लॅस्टिकच्या पिशवीत आणणे म्हणजे आगीतून फुफाट्यात पडणे. हॉटेलात जाताना झाकणाचा डबा न्या. पूर्वी दुधाला किटली घेऊन आपण जातच होतो.

५) द्रोण-पत्रावळी घेताना आतून चकचकीत प्लॅस्टिक चिकटवलेले नाही ना, एवढे पाहा. नुसते पान सगळ्यांत उत्तम, आणि वापरून झाल्यावर ते खतातही जाते.

आज तुम्ही हा मजकूर वाचत आहात तो कागद महिनाअखेरीस रद्दीत जाईल. जरूर जाऊ द्या, त्याचा पुन्हा पुठ्ठा होण्यातच त्याचे सार्थक आहे. मात्र तो गाडीवरून भज्यांसकट तुमच्या हाती परत आला, तर रागावू नका आणि गाडीवाल्याला उपदेशही करू नका. त्याचीही अडचण आहे. एवढेच म्हणा, ‘‘मावशी, बशीत द्या, नाहीतर माझ्या डब्यात.’’ दहा गिऱ्हाइकांनी रोज असे म्हटले, तर त्या दोन गाड्याही परत येतील.