निर्बंध, परवाने आणि सीरियाचा भूकंप

६ फेब्रुवारी २०२३ रोजी तुर्कस्तान आणि सीरियात भूकंप झाला. सीरियावर तेव्हा पाश्चात्त्य देशांचे कडक निर्बंध होते, त्यामुळे मदतीचे पैसे पाठवणेही जिकिरीचे. अमेरिकेच्या अर्थखात्याने तीन दिवसांत १८० दिवसांचा ‘सर्वसाधारण परवाना’ काढला. असा परवाना मागावा लागत नाही. अटींत बसणारा कोणीही तो वापरू शकतो. एरवी व्यवहारागणिक वेगळा अर्ज करावा लागतो. ब्रिटनने १५ तारखेला असेच परवाने दिले. युरोपीय संघात नियम एकत्र ठरतात, परवानगी मात्र ज्या-त्या सदस्य देशाचे खाते देते. मदतसंस्थांना ही पूर्वपरवानगी सहा महिने माफ झाली ती २३ तारखेला. ढिगाऱ्याखालच्या माणसांसाठी हा उशीरच.

खरी गुंतागुंत याच्या पुढची. एका देशाचा परवाना दुसऱ्या देशावर बंधनकारक नसतो. जर्मन संस्थेने पाठवलेले डॉलर न्यूयॉर्कच्या बँकेतून गेले, की युरोपची माफी पुरत नाही. अमेरिकेचे नियमही लागू होतात. शिवाय परवाना बँकेला मुभा देतो, सक्ती करत नाही. दंडाच्या धास्तीने बँका कित्येकदा पूर्ण कायदेशीर व्यवहारही नाकारतात.