गणपतीचा चौरंग आणि घरमालकाचं पार्केट

आजचा विषय आहे आपल्या पायाखालचा: लाकडी फरशी.

आपण वाढलो शहाबादी फरशीवर किंवा लादीवर. पाणी सांडलं, तेल सांडलं, तर फडकं मारलं की झालं. इथे जर्मनीत भाड्याच्या घरात बहुतेकदा पार्केट किंवा लॅमिनेट असतं आणि तिथे ही सवय महागात पडते. आमच्याकडे एका गणेशोत्सवात चौरंगाखाली पाणी झिरपलं. पाच दिवसांनी विसर्जनानंतर चौरंग उचलला, तर ओकच्या पार्केटवर चार काळे ठिपके! चौरंगाच्या पायांना खालून लोखंडी खिळे होते. ओकमध्ये टॅनिन असतं. लोखंड आणि ओल मिळाली की त्याचा रंग काळा होतो. तो डाग लाकडाच्या आत उतरतो, पुसून जात नाही.

लाकडाचे शत्रू तीन. पहिला पाणी: ओल लागली की लाकूड आडवं फुगतं, फळ्यांच्या कडा वर येतात. दुसरा बारीक वाळू: बुटांबरोबर घरात येते आणि खुर्चीखाली सापडली की पॉलिशपेपरचं काम करते. म्हणून चपला दाराशी काढायची आपली पद्धत इथे फार उपयोगी. तिसरा एका बिंदूवरचं वजन, म्हणजे कपाटाचे किंवा खुर्चीचे बारीक पाय.

यावर उपाय म्हणजे एक साधा पाट. सुतारकाम येत नसलं तरी एका शनिवारी लाकूडकाम होतं. नंतर फक्त लॅकर वाळायची वाट बघायची.

१८ मिलिमीटर जाडीची बर्च प्लायवूडची फळी घ्या. दुकानात तिला 'मल्टिप्लेक्स' म्हणतात. चौरंग ५० सेंटिमीटरचा असेल, तर फळी ७० बाय ७०. बऱ्याच बाउमार्क्टमध्ये ती मापात कापून मिळते, त्यामुळे घरी करवत लागत नाही. कडा आधी १२० आणि मग १८० नंबरच्या पॉलिशपेपरने हाताने घासा. वरच्या चारही कडांना दोन सेंटिमीटर उंचीच्या पट्ट्या चिकटवा. गोंद 'डी ३' लिहिलेला घ्या, तो ओल सहन करतो. क्लॅम्प नसतील तर जाड पुस्तकांचं वजन ठेवा.

आता लॅकरचे तीन हात. वर द्याल तितकेच खालीही द्या. एकाच बाजूला दिले, तर फळी वाकते. पट्टी आणि फळीच्या सांध्यात सिलिकॉन भरा. खाली चार ठोकळे चिकटवा आणि त्यांना फेल्ट लावा. रबर लावू नका. त्यातले काही घटक लॅकरमध्ये उतरून कायमचा डाग पाडू शकतात. ठोकळ्यांमुळे खालून हवा खेळते आणि वाकून पाहता येतं.

हाच पाट देवघराखाली, कुंडीखाली किंवा वेट ग्राइंडरखालीही चालतो. मात्र फेल्टमध्ये वाळू अडकते, म्हणून अधूनमधून तो तपासा आणि झिजला की बदला.

रोजची फरशी पुसताना फडकं घट्ट पिळून घ्या. बादलीभर पाणी नको, वाफेचं मशीनही नको. हिवाळ्यात हीटिंगमुळे हवा कोरडी होते आणि फळ्यांमध्ये फटी दिसतात. आर्द्रता साधारण ४० ते ६० टक्के ठेवली, तर लाकूड खूश.

शेवटी पैशाचं. कायद्यानुसार डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं असू शकतं. रोजच्या वापराने होणारी झीज भाडेकरूच्या माथी येत नाही, पण ओलीचे काळे डाग ही झीज नव्हे. म्हणून घर ताब्यात घेताना जुने ओरखडे हस्तांतरणाच्या कागदात लिहून घ्या आणि फोटो काढा. आपल्या हाफ्टफ्लिष्ट विम्यात भाड्याच्या घराचं नुकसान धरलेलं आहे का, तेही आजच बघा.

यंदा बाप्पा येण्याआधी पाट तयार ठेवा. मुलांनाही हाताशी घ्या, पॉलिशपेपर घासायला त्यांना मजा येते. फक्त ड्रिलचं काम रविवारी नको, नाहीतर आरतीआधी शेजारीच दारात येतील!